अपडेटचा हंगाम आणि कामाचा हंगाम

चेन्नईत नुंगंबाक्कमला महात्मा गांधी रस्त्यावर १२१ क्रमांकाला प्राप्तिकर खात्याचे आयकर भवन आहे आणि १२२ क्रमांकाला सनदी लेखापालांच्या राष्ट्रीय संस्थेचे दक्षिण विभागीय कार्यालय. जुने चेन्नईकर या रस्त्याला अजून नुंगंबाक्कम हाय रोडच म्हणतात. कर आणि हिशेब यांचे बस्तान जिथे इतके शेजारी-शेजारी आहे, त्या परिसरात २०२५ चा ऑक्टोबर कसा गेला असेल, हे पुण्या-मुंबईत सीएच्या कार्यालयात काम केलेल्या कुणालाही वेगळे सांगायला नको. टॅक्स ऑडिटच्या अहवालाची ३० सप्टेंबरची मुदत त्या वर्षी आधी ३१ ऑक्टोबरपर्यंत वाढली आणि मग १० नोव्हेंबरपर्यंत. सप्टेंबरात आटोपणारी धांदल दिवाळी ओलांडून पुढे गेली. नेमक्या याच धांदलीच्या मधोमध, १४ ऑक्टोबरला, विंडोज १० चा मोफत आधार संपला. २०१५ पासून वापरात असलेली ही प्रणाली त्या दिवसानंतर सुरक्षेच्या दुरुस्त्यांवाचून राहणार होती, आणि विंडोज ११ वर चला अशी आठवण पडद्यावर येत होती. एकीकडे अशिलांच्या वह्या, दुसरीकडे ती सूचना, आणि निर्णय घ्यायचा कुणी? बहुतेक लहान कार्यालयांत संगणक विभाग नावाची गोष्ट नसते. ज्या मुलाला संगणकातल्या चार गोष्टी जास्त कळतात, तोच तिथला संगणक विभाग.

मोठे अपडेट टाकावे की नाही, याची चर्चा आपल्याकडे बहुधा स्वभावावर जाते. कुणी ‘चाललंय ना, मग कशाला हात लावायचा’ या मताचा, तर कुणाला सूचना दिसली की लगेच बटण दाबल्याशिवाय चैन पडत नाही. पुरावा मात्र स्वभावाकडे बोट दाखवत नाही. अपडेट न घेतल्यामुळे झालेले नुकसान खरे आहे आणि अपडेट घेतल्यामुळे झालेले नुकसानही तितकेच खरे आहे. पण नीट पाहिले तर ही दोन नुकसाने बहुतांशी दोन वेगळ्या जातींच्या अपडेटमधून येतात. एक जात डागडुजीची: सापडलेले भोक बुजवणारी, महिन्याला येणारी दुरुस्ती. दुसरी जात घर बदलण्याची: नवी आवृत्ती, नवी मांडणी, नव्या अटी. डागडुजी वेळच्या वेळी करायची असते आणि घर बदलायचे ते आपल्या सोयीच्या महिन्यात, सामान बांधून. या दोन्ही गोष्टी एकाच बटणाखाली बांधून ठेवल्या, हे आजच्या तक्रारींचे मूळ आहे, आणि त्याची जबाबदारी वापरणाऱ्यापेक्षा बनवणाऱ्यावर जास्त येते.

आधी न घेण्याची किंमत पाहू. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर प्रणालीने जगभर संगणक कुलूपबंद केले. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या २३६ ट्रस्टांपैकी किमान ८० ट्रस्टांचे काम विस्कळित झाले आणि रुग्णांच्या ठरलेल्या हजारो भेटी रद्द कराव्या लागल्या. आपल्याकडे आंध्र प्रदेश पोलिसांच्या संगणकांनाही झळ पोचली. ज्या भोकातून ही प्रणाली शिरली, ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिली होती. मध्ये ५९ दिवस गेले. त्या वेळी सगळीकडे बोलले गेले ते विंडोज एक्सपीबद्दल, ‘जुनी प्रणाली ठेवली म्हणून फटका बसला’ असे. पण कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीच्या मोजणीत बाधित संगणकांपैकी सुमारे ९८ टक्के विंडोज ७ वरचे होते, म्हणजे त्या काळी आधार चालू असलेल्या प्रणालीवरचे. त्यांना घर बदलायची गरज नव्हती. दाराशी आलेली डागडुजी त्यांनी आत घेतली नव्हती, एवढेच.

पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, नॉटपेट्या नावाचा हल्ला आला आणि त्याने महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरचे बंदर गाठले. न्हावा शेव्याला जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका कंटेनर टर्मिनलचा कारभार मेर्स्क या डॅनिश समूहाच्या हाती आहे. त्या समूहाची जगभरची यंत्रणा कोलमडली तसे हे टर्मिनलही ठप्प झाले. मेर्स्कला ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले आणि नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेले. त्यातला एक तपशील हिशेबाच्या धंद्यातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे. नॉटपेट्या पसरला तो युक्रेनमधल्या एका कर-हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. हल्लेखोरांनी त्या कंपनीच्या सर्व्हरमध्ये घुसून अपडेटच्या पुडीत विष घातले, आणि शिस्तीने अपडेट घेणाऱ्यांच्या संगणकात ते आधी पोचले. आत शिरल्यावर एका संगणकावरून दुसऱ्यावर उडी मारायला त्याने वापरलेल्या वाटांपैकी एक वॉनाक्रायचीच होती, म्हणजे मार्चची दुरुस्ती टाकलेल्या संगणकांवर ती बंद होती. अपडेट हेच औषध आणि अपडेट हीच रोगाची वाट, हे दोन्ही एकाच दिवशी, एकाच घटनेत दिसले.

आपल्या बँकांनीही जुनी प्रणाली बाळगण्याचा धडा सावकाश गिरवला. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला, तरी एटीएम यंत्रे तिच्यावरच चालत राहिली. शेवटी रिझर्व्ह बँकेने २१ जून २०१८ ला टप्पे बांधून दिले: सप्टेंबरपर्यंत चौथा हिस्सा यंत्रे, डिसेंबरपर्यंत निम्मी, मार्च २०१९ पर्यंत पाऊण आणि जून २०१९ पर्यंत सगळी. हा आदेश वाचताना एक गोष्ट ठळक जाणवते. घर बदलायला वर्षभराची टप्प्याटप्प्याची मुदत, पण उपलब्ध दुरुस्त्या टाकणे, यूएसबी बंद करणे, बायोसला पासवर्ड लावणे यांसाठी ऑगस्टपर्यंतचा अवधी. दोन जाती, दोन वेळापत्रके. मी वर जो भेद मांडला, तो देशाच्या मध्यवर्ती बँकेने व्यवहारात आधीच मान्य केलेला आहे.

सुरक्षेखेरीज मोठ्या अपडेटचा दुसरा लाभ आपल्या भाषांना झाला आणि त्याची आठवण कमी ठेवली जाते. विंडोज २००० पासून देवनागरी आणि तमिळ युनिकोडमध्ये थेट प्रणालीतच लिहिता येऊ लागल्या. त्याआधी प्रत्येक फॉन्टची स्वतःची संकेतावली होती. एका कार्यालयात टाइप केलेले मराठी पत्र दुसऱ्या कार्यालयात उघडले की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे दिसत. तमिळमध्येही हेच हाल होते. ज्या कार्यालयांनी विंडोज ९८ वर ‘चाललंय ना’ म्हणत वर्षे काढली, त्यांचे त्या काळातले दस्तऐवज आज शोधयंत्राला वाचता येत नाहीत. ते बदलून घेणे हे स्वतंत्र काम होऊन बसले आहे. आणि रुपयाचे चिन्ह? तमिळनाडूत जन्मलेल्या आणि पवईच्या आयआयटीत शिकलेल्या उदयकुमार यांनी रेखाटलेले हे चिन्ह सरकारने १५ जुलै २०१० ला स्वीकारले, त्याच वर्षी ते युनिकोडमध्ये गेले, आणि २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एका अपडेटमधून ते संगणकांवर उतरले. ज्याने ते अपडेट घेतले नव्हते, त्याला ताळेबंदात रकमेआधी रिकामा चौकोन दिसे. देशाच्या चलनाची खूण टेबलावरच्या यंत्रापर्यंत पोचली ती अपडेटच्या वाटेने, ही गोष्ट मला या प्रश्नात फार मोलाची वाटते.

आता घेण्याची किंमत. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० ची सहामाही आवृत्ती बाहेर पडली आणि काही लोकांच्या डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स फोल्डरमधल्या फाइली पुसल्या गेल्या. चार दिवसांत मायक्रोसॉफ्टने वितरण थांबवले, नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत ते पुन्हा सुरू झाले नाही. हा दोष चाचणी करणाऱ्या काही लोकांनी आधीच कळवला होता, पण ढिगात तो दबून गेला. जुलै २०२४ आणि पुन्हा मे २०२५ मध्ये मासिक दुरुस्तीनंतर काही यंत्रे चालू होताना डिस्क कुलूपबंद ठेवणाऱ्या बिटलॉकरची ४८ अंकी किल्ली मागू लागली. किल्ली ज्याच्या खात्यात साठवलेली, तो माणूस नोकरी सोडून गेलेला असेल, तर त्या मशीनमधला सगळा विदा कुलपात. यातले कुठलेही संकट सर्वांवर आले नाही. २०१८ च्या फाइली गमावणारे अगदी थोडे होते. पण ज्याच्या फाइली गेल्या, त्याला टक्केवारीचा उपयोग काय?

सगळ्यात बोलके उदाहरण मात्र त्याच १४ ऑक्टोबर २०२५ चे आहे. सीएच्या टेबलावर पेनड्राइव्हसारखे दिसणारे एक टोकन असते. ते यूएसबीत घातले की त्याचा दिवा लागतो. पोर्टलवर सहीचे बटण दाबले की एक छोटी चौकट उघडते, तिच्यात प्रमाणपत्रावरचे नाव दिसते, ते निवडायचे, पिन टाकायचा, की अहवालावर सही झाली. पेनड्राइव्हच्या रूपात ते खरे तर स्मार्ट कार्डच असते. त्या दिवशी आलेल्या मासिक दुरुस्तीत मायक्रोसॉफ्टने स्मार्ट कार्डावरची किल्ली हाताळण्याची जुनी पद्धत बदलून नवी सक्तीची केली. त्यामागे एक खरे भोक बुजवण्याचे कारण होते. पण जुन्या पद्धतीने विचारणाऱ्या ३२ बिट सॉफ्टवेअरला कार्ड ओळखता येईना आणि कागदपत्रांवर सही होईना, हे कंपनीने स्वतःच मान्य केले आणि रजिस्ट्रीतली एक नोंद बदलण्याचा तात्पुरता उपाय सुचवला. हा फटका विंडोज १० ला बसला आणि ११ लाही. अशा वेळी टेबलापाशी काय होते ते डोळ्यांसमोर आणा: टोकन तेच, पिन तोच, दिवाही लागलेला, पण चौकटीतली यादी रिकामी. माणूस गडबडून पिन पुन्हा पुन्हा टाकू लागला, तर ठरावीक चुकांनंतर टोकनच लॉक होते आणि नवे प्रमाणपत्र घेण्यात दिवस जातात. त्याच दुरुस्तीने विंडोज ११ च्या बचाव-पडद्यावर यूएसबी कीबोर्ड आणि माउस चालेनासे केले होते. ती चूक सहा दिवसांत सुधारली गेली. नुंगंबाक्कममधले असो की सदाशिव पेठेतले, ज्या कार्यालयाने त्या आठवड्यात सगळी यंत्रे एकदम अद्ययावत करण्याचा उत्साह दाखवला असेल, त्याच्यासाठी हा भलताच जुगार होता.

इथे माझ्याच मांडणीवर आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. डागडुजी लगेच घ्या म्हणता, पण ऑक्टोबरचा बिघाड डागडुजीतूनच आला की! खरे आहे. म्हणून ‘लगेच’ याचा अर्थ ‘त्याच रात्री सगळ्या मशीनवर’ असा नको. एक मशीन पुढे, बाकीची तीन-चार दिवस मागे. त्या एकावर टोकनने सही करून पाहायची, प्रिंट काढून पाहायची, हिशेबाचे सॉफ्टवेअर उघडून पाहायचे. हल्ले ५९ दिवसांच्या आळसावर पोसले जातात, चार दिवसांच्या सावधपणावर क्वचितच. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फाइलने जगातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकवले आणि आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले, त्याचे कारणही हेच होते. ती फाइल टप्प्याटप्प्याने न जाता सगळीकडे एकदम गेली. त्यानंतर त्या कंपनीनेही टप्पे पाडण्याची पद्धत स्वीकारली. दहा मशीनच्या कार्यालयाला हे टप्पे पाडायला पैसे लागत नाहीत, कुणीतरी लक्ष घालावे लागते.

पण या सावधपणाला एक मर्यादा आहे आणि ती बनवणाऱ्यांनी घातलेली आहे. २०१६ च्या ऑक्टोबरपर्यंत विंडोज ७ च्या दुरुस्त्या एकेक निवडता येत. मग त्यांचे एकच गाठोडे झाले. आता एका दुरुस्तीने सही अडली, तर ती एक बाजूला काढून बाकीच्या ठेवता येत नाहीत. घ्यायच्या तर सगळ्या, नाहीतर सगळ्यांना नकार. मोठ्या आवृत्त्याही विंडोज १० मध्ये आपोआपच टाकल्या जात; २०१८ च्या फाइली पुसल्या गेल्यावरच, २०१९ पासून, घरगुती वापरणाऱ्याला त्या वेगळ्या निवडता येऊ लागल्या आणि ३५ दिवसांपर्यंत थांबण्याची सोय मिळाली. वेगळे करणे शक्य होतेच, ते उशिरा दिले. त्याहून ठसठशीत पुरावा दुसरीकडे आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला ‘संपलेल्या’ विंडोज १० ची दीर्घ मुदतीची एक आवृत्ती मोठ्या संस्थांना दिली जाते, आणि २०१९ च्या त्या आवृत्तीला जानेवारी २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. रचना तशीच ठेवून तिला भोके बुजवत राहणे अशक्य असते, तर हे घडले नसते. त्या आवृत्तीचा परवाना लहान कार्यालयाला दुकानातून घेता येत नाही. जुन्या आवृत्त्या किती काळ सांभाळायच्या, प्रत्येकीसाठी चाचण्या किती करायच्या, हा कंपन्यांचा युक्तिवाद पोकळ नाही. त्याला खर्च आहे. पण तो खर्च मोठ्या ग्राहकासाठी उचलला जातो आणि लहानासाठी नाही, हा निर्णय व्यापाराचा आहे, तंत्राचा नव्हे.

लहान कार्यालयासाठी पैशाचे गणितही तसेच बसते. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. २०१६ साली घेतलेले, आजही तक्रारीविना चालणारे मशीन त्यात बसत नाही. व्यवसायांना विंडोज १० च्या वाढीव दुरुस्त्या विकत घेता येतात, पण दर पहिल्या वर्षी प्रतिमशीन ६१ डॉलर आणि पुढे दर वर्षी दुप्पट: तीन वर्षांचे ४२७ डॉलर, म्हणजे ३७ हजार रुपयांच्या आसपास. एवढ्यात साधे नवे मशीन येते. चिपची अट उगाच घातलेली नाही; किल्ल्या आणि पासवर्ड प्रणालीबाहेर, स्वतंत्र चिपमध्ये ठेवल्याने चोरी खरोखरच अवघड होते, आणि अशिलांचे पॅन, आधार, बँक खाती सांभाळणाऱ्या कार्यालयाला हा लाभ छोटा नाही. तरीही चालती मशीने भंगारात काढायला लावणारी अट आणि सुरक्षेची दुरुस्ती एकमेकींना जखडल्या की सामान्य माणूस दोन्ही टाळतो आणि असुरक्षित मशीनवर काम करत राहतो. सुरक्षेच्या नावाखाली असुरक्षितता वाढते ती अशी.

मग लिनक्सवर का जाऊ नये, असे विचारणारे चेन्नईत अधिकच असतील, कारण हे शहर त्या प्रयोगाचे जुने ठिकाण आहे. सी-डॅकची ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स प्रणाली चेन्नईतच घडली आणि जानेवारी २००७ मध्ये बाहेर आली. त्याच सुमारास तमिळनाडू सरकारच्या एल्कॉट या महामंडळाने आपल्या कार्यालयांत सूसे लिनक्स आणले. शाळा, लेखन, इंटरनेट यांसाठी हा मार्ग चांगला आहे, आणि जुन्या मशीनला तो पुन्हा उभे करतो. उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती दर दोन वर्षांनी येते आणि तिला किमान पाच वर्षे सुरक्षा दुरुस्त्या मिळतात; तुम्ही आवृत्ती न बदलताही. मी ज्या वेगळेपणाची मागणी करतो आहे, तो तिथे फुकट मिळतो. पण सीएच्या टेबलावरचे हिशेबाचे सॉफ्टवेअर, टोकनचे ड्रायव्हर, सरकारी खात्यांच्या सहीच्या उपयोजना यांचा मुख्य संसार अजून विंडोजवर आहे. तो संसार हलवणे एका कार्यालयाच्या हातात नाही. सरकारी पोर्टलांनी पुढाकार घेतला तरच ते होईल.

फोनची कथा वेगळी नाही, फक्त तिथे परतीची वाट आणखी अरुंद. ॲपलने २०१७ मध्ये जुन्या बॅटरीच्या आयफोनचा वेग अपडेटमधून कमी केला आणि ते वर्षाअखेर कबूल केले; इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने २०१८ मध्ये ॲपलला एक कोटी आणि सॅमसंगला पन्नास लाख युरोंचा दंड केला, जुन्या फोनवर न पेलणारी अपडेट टाकायला लावल्याबद्दल. आपल्याकडेही जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने आयफोनच्या अपडेटनंतरच्या तक्रारींवरून ॲपलला नोटीस काढली. अपडेट हा ग्राहकहक्काचा विषय आहे, हे मान्य व्हायला सुरुवात झाली ही चांगली गोष्ट आहे.

आपोआप अपडेट हेच सामान्यांच्या हिताचे, लोकांवर सोडले तर कुणीच टाकणार नाही, हा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. डागडुजी आपोआप व्हावी, घर बदलण्याची तारीख मात्र विचारली जावी. कारण ती तारीख दूरच्या रेडमंडमध्ये, मायक्रोसॉफ्टच्या मुख्यालयात बसून ठरवता येत नाही. चेन्नईत ऑक्टोबर ते डिसेंबर हा ईशान्य मोसमी पावसाचा काळ. नुंगंबाक्कमलाच कॉलेज रोडवर प्रादेशिक हवामान केंद्र आहे आणि शहराचा पाऊस म्हणून जो आकडा सांगितला जातो तो बहुधा तिथला. १२ डिसेंबर २०१६ ला वरदा चक्रीवादळाने आणि डिसेंबर २०२३ मध्ये मिचौंगच्या पावसाने शहराच्या अनेक भागांची वीज कित्येक दिवस गेली. नवी आवृत्ती टाकताना पडद्यावर टक्के चढत असतात आणि ‘संगणक बंद करू नका’ असे लिहिलेले असते. त्या तासाभरात वीज गेली आणि यूपीएसची बॅटरी दमलेली असली, तर मशीन उभे राहीलच असे नाही. विंडोज ११ च्या अलीकडच्या मोठ्या आवृत्त्या पाहा: एक १ ऑक्टोबर २०२४ ला आली, पुढची ३० सप्टेंबर २०२५ ला. टॅक्स ऑडिट आणि चक्रीवादळे, दोन्हींच्या तोंडावर.

अशा कार्यालयाला सोयीचा काळ जानेवारीचा दुसरा पंधरवडा आहे. ३१ डिसेंबरची विवरणपत्रे गेलेली असतात, पोंगलची सुट्टी संपलेली असते, पाऊस ओसरलेला असतो आणि मार्चची घाई लागायची असते. तेव्हा आधी संपूर्ण बॅकअप, मशीनपासून तोडून ठेवलेल्या डिस्कवर. बिटलॉकरची किल्ली छापून कपाटात. टोकनचे नवे ड्रायव्हर उतरवून हाताशी. मग एकाच मशीनवर नवी आवृत्ती, आणि पहिल्याच दिवशी तिच्यावरून एक खरी सही. जुन्या आवृत्तीवर परतायची वाट दहाच दिवस उघडी असते, म्हणून सही, छपाई, हिशेब ही सगळी तपासणी त्या दहा दिवसांत उरकायला हवी. ज्यांना मशीन बदलता येत नाही, त्यांच्यापैकी घरगुती वापरणाऱ्यांसाठी मायक्रोसॉफ्टने ३० डॉलरमध्ये एका वर्षाची जादा मुदत जाहीर केली आहे. ती १३ ऑक्टोबर २०२६ ला संपते: पुन्हा ऑक्टोबर, पुन्हा चेन्नईचा पाऊस तोंडावर.